नाकावरचा पूल

मुरूडच्या बाजारात, सुक्या जवळ्याच्या टोपल्यांपलीकडे
माझं चष्म्याचं दुकान. आठ बाय दहा.
भिंतीवर दोनशे फ्रेमी, सगळ्या एकाच डोक्यासाठी घडवलेल्या.
कुठल्याशा कारखान्यात असेल ते, लाकडी,
अरुंद कानशिलांचं, उंच नाकाचं,
दोन्ही कान एका रेषेत.
माझ्या दुकानाची पायरी ते आजवर चढलेलं नाही.

चढतो तो हसन सिद्दी, राजपुरीचा,
शिडाच्या होडीतून किल्ल्यावर माणसं नेणारा.
एकशे अडतीसची फ्रेम त्याच्या कानशिलांत रुतते
आणि पूल नाकावर टेकतच नाही.
भिंगं गालांवर बसतात, घामानं धुरकटतात,
तो हसला की चष्मा कपाळाकडे निघतो.
"मग काय, हसू नको का?"
मी दांड्या तापल्या वाळूत खुपसते.

किहीमकर मास्तर शनिवार सोडून कधीही येतात.
डावा कान उजव्याहून पाच मिलिमीटर वर.
पन्नास वर्षं वर्गात मान तिरकी करून बघायचे,
मुलांना वाटायचं, संशय घेतात.

गेल्या वैशाखात जुन्या कचेरीचा माळा रिकामा केला.
भंगारवाल्या इब्राहिमकडे एक लोखंडी चिमटा आला,
खेकड्याच्या नांग्यांसारखा, मधे पट्टीवर आकडे,
आणि वाळवीनं अर्धी खाल्लेली एक वही.
डोके: लांबी, रुंदी. नाक: लांबी, रुंदी. जात.
हसनची पणजी सांगायची म्हणे,
नवाबीत एक साहेब आला होता,
पिंपळाखाली रांगा लावून डोकी मोजायचा,
दोन आणे द्यायचा, आणि हलू द्यायचा नाही.

वही मी रात्री वाचली.
दोन सख्खे भाऊ, भंडारी,
एकाच्या पुढे "मध्यम", दुसऱ्याच्या पुढे "रुंद".
एका भटजीचं आणि एका कोळ्याचं नाक
दशांशापर्यंत सारखं.
तिथे समासात लाल शाईनं: पुन्हा मोजा.
पुन्हा मोजलेलं असावं. पुढचं पान वाळवीच्या पोटात.

मोजते तर मीही.
बुबुळापासून बुबुळ, पुलाची रुंदी, कानामागचा बाक.
आकडे कागदी पिशवीवर लिहिते,
चष्मा बसला की पिशवीत शेंगा येतात.

कुठेसं वाचलं होतं, नाक हवेनं घडतं,
कोरड्या थंडीत लांबतं, दमट उकाड्यात पसरतं.
असेलही.
पण इथे खारा वारा सगळ्यांच्याच तोंडावर येतो,
बोंबील वाळायला लागले की सगळीच नाकं
एकदम मुरडतात, आणि मग दुपारी
सगळीच ताटावर वाकतात.
आरशात माझं नाक: वरचा भाग आईचा, गुहागरचा.
खालचा कुणाचा, ते घरात कुणी सांगत नाही.

चिमटा काउंटरवर पडून होता.
काल एकदऱ्याची हिरूबाय आली, जवळचं दिसत नाही म्हणून.
तिच्यासाठी मी पूल वाकवला, गाद्या बदलल्या,
दांड्या तीनदा तापवल्या, तीनदा निववल्या.
तिनं चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं,
"तू येवरी म्हातारी हायस गो?" म्हणाली.
मग चिमटा उचलला, उघडला, मिटला.
"यो कशाला?"
डोकी मोजायला, मी म्हटलं.
ती इतकी हसली की दाराशी कुत्रं उठून गेलं.
"मना दे. पापलेटं मोजाला."

आज सकाळी धक्क्यावर गेले होते.
हिरूबाय टोपलीपुढे बसलेली,
एकेक मासा चिमट्यात धरून बघत होती,
लहान निघाला की बाजूला, शिव्यांसकट.
चष्मा डोळ्यांवर होता, मात्र दोन्ही दांड्या
जाळ्याच्या निळ्या दोरीनं मागे करकचून बांधलेल्या.
माझा पूल नाकाला कुठेच लागत नव्हता.

मी विचारलं, टोचत नाही ना?
तिनं मान वर न करता सांगितलं,
"उजेड अडव नको."